हिच्यासाठी काय विकायचं?

तीन वर्षं झाली असतील. श्रावणातला शुक्रवार होता. रहाटणीतल्या आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक आटोपली, हिशेबाची वही मिटली आणि चहाचे कप गोळा करता करता गटातल्या एक ताई मला म्हणाल्या, "वहिनी, पोरगी म्हणतेय बाहेरच्या देशात शिकायला जाते. थोरल्याच्या वेळी गावाकडचं अर्धा एकर रान विकलं. आता हिच्यासाठी काय विकायचं?"

त्या चिडून बोलल्या नव्हत्या. डबा भरायला पोळ्या कमी पडल्या, हे जितक्या सहज सांगावं तितक्या सहज बोलल्या. म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागलं.

हे कुटुंब लातूरकडचं. वीस-बावीस वर्षांपूर्वी कामासाठी इकडे आलं. ताईंचे यजमान चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. कंपनीची बस काळेवाडी फाट्यावरून पहाटे निघते, ती गाठायची म्हणून ताईंचा दिवस साडेचारला सुरू होतो. मोठा मुलगा एका एजंटच्या ओळखीने परदेशात गेला. कॉलेजचं नाव आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं, पण "परदेश" म्हटल्यावर कोण विचारतंय? मुलगा गुणी आहे, राबतो आहे, कर्ज फेडतो आहे. त्याला बोल लावायचा नाही. पण धाकटीची पाळी आली तेव्हा रान संपलेलं होतं, हेही खरं.

धाकटी केमिकल इंजिनीअर. भोसरीच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये कारखान्यांचं सांडपाणी तपासायची. तिला पाण्याचंच पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. मार्क उत्तम, दोन वर्षांची नोकरी, स्वभाव अबोल. घरात तिचं बोलणं ऐकून सगळे म्हणत होते, "हो, बघू." आपल्याकडे मुलीला सरळ नाही म्हणायची पद्धत हल्ली राहिली नाही. आता "बघू" म्हणतात.

मला हे "बघू" चांगलं ओळखीचं आहे. बी.ए. झाल्यावर एम.ए.साठी पुण्याच्या होस्टेलचा फॉर्म मी आणला होता. वडील "बघू" म्हणाले. त्याच वर्षी भावाच्या डिप्लोमाची फी भरायची होती. फॉर्म कपाटात राहिला. वडिलांवर माझा राग नाही. त्यांच्या हाती पैसा एकाच्याच पुरता होता, आणि तो कुणाला द्यायचा हे घरात विचारावंही लागत नव्हतं.

म्हणून त्या शुक्रवारी मी ताईंना म्हटलं, "काही विकायचं नाही. आधी विचारायचं." तेव्हा माहिती मलाही फार नव्हती. पण त्या पोरीबरोबर दोन वर्षं कागद गोळा करताना जे कळलं, ते आज मैत्रिणींना सांगावंसं वाटतं.

पहिली गोष्ट कळली ती एजंटची. आपल्या भागात चौकाचौकात बोर्ड आहेत. सल्ला फुकट, चहा फुकट, वर एसी. हे फुकट कसं परवडतं? बहुतेक ठिकाणी परदेशातलं कॉलेज प्रवेशामागे एजंटला कमिशन देतं. म्हणजे तो आपला सल्लागार नसतो, त्या कॉलेजचा विक्रेता असतो. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण हे आपल्याला माहीत हवं. जिथे फी नाही किंवा पूर्ण शिष्यवृत्ती आहे, तिथला रस्ता तो आपल्याला आपणहून का दाखवील? साड्यांच्या दुकानदाराने "वहिनी, तुमच्या कपाटातलीच नेसा" असं कधी म्हटलंय का?

दुसरी गोष्ट, फी नसलेली विद्यापीठं खरोखर आहेत. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांनाही शिकवणीची फी नाही. दर सहामाहीला काहीशे युरोंची वर्गणी असते, तेवढीच. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सहामाहीला १५०० युरो द्यावे लागतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम तिकडच्या खात्यात आधी दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे आपले अकरा-बारा लाख. रक्कम मोठीच. पण ती फी नव्हे, मुलीचेच पैसे असतात आणि महिन्याला थोडे थोडे तिलाच परत मिळतात. शिष्यवृत्ती मिळाली तर हीही अट सहसा तिच्या पत्रावर भागते. ताईंच्या यजमानांना हे सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ गप्प बसले. मर्सिडीज आणि फोक्सवॅगनचे कारखाने चाकणला आहेत, रोज त्याच रस्त्याने ते कामाला जातात. म्हणाले, "त्यांच्या गाड्या रोज बघतो. त्यांची शाळा फुकट आहे, हे कुणी सांगितलंच नाही."

तिसरी गोष्ट शिष्यवृत्त्यांची. ही नावं वहीत लिहून ठेवा. जर्मनीची 'डाड' नावाची संस्था १९२५ पासून हे काम करते. तिची एक योजना खास आपल्यासारख्या देशांतल्या नोकरी करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. निदान दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि महिन्याचा खर्च, विमा, प्रवास मिळतो. ब्रिटनची चेव्हनिंग १९८३ सालची. एक वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण पूर्ण खर्चाने, दोन वर्षांचा अनुभव हवा, आणि शिकून झाल्यावर निदान दोन वर्षं मायदेशी परतायची अट. ("परत येईल ना हो?" असं विचारणाऱ्या आयांना ही अट फार आवडते.) कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहे. युरोपातली इरास्मस मुंडुस आहे, त्यात एकाच अभ्यासक्रमासाठी दोन-तीन देशांत शिकायला मिळतं. अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू आहे. जपान सरकारची मेक्स्ट आहे, ती बारावीनंतरच्या मुलांनाही मिळू शकते.

आणखी एक फार थोड्यांना ठाऊक असतं. विज्ञान-इंजिनीअरिंगमध्ये पीएच.डी. करायची असेल, तर अमेरिकेतली बरीच विद्यापीठं फी माफ करतात आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा पैसे देतात. जर्मनीत तर पीएच.डी. करणारे अनेकजण पगारी नोकरीतच असतात. "एवढं शिकायचं तर किती खर्च येईल!" असं आपण म्हणतो. इथे हिशेब उलटा आहे. वरच्या शिक्षणाला कधी कधी खर्च कमी लागतो.

आपल्या सरकारच्याही योजना आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जणांना. तिचं काम पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालतं, म्हणजे आपल्याला बसने जाता येण्यासारखं. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत. त्या अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी, आणि त्यातल्या ३० टक्के मुलींसाठी राखलेल्या. आदिवासी मुलांसाठी केंद्राची वेगळी योजना आहे. मराठा समाजातल्या मुलांसाठी 'सारथी'ने २०२३ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. इतर मागास वर्गासाठी आणि खुल्या गटातल्या मुलांसाठीही राज्याच्या योजना आहेत. अटी दर वर्षी थोड्या बदलतात, म्हणून शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी काय लागलं यावर विसंबू नका. त्या वर्षीची जाहिरात वाचा.

सयाजीरावांच्या नावावरून सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पुढे लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला १९२० मध्ये परत गेले, तेव्हा पैसा तीन ठिकाणांहून जमवावा लागला. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज. १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला गेलेल्या आनंदीबाई जोशींचंही तसंच. अंगावरच्या सोन्याच्या बांगड्या विकल्या, लोकांनी वर्गणी दिली, अमेरिकेतल्या एका बाईंनी घर दिलं.

हे वाचताना मला आपली गोधडी आठवते. गोधडीला कुणी अखंड नवं कापड आणत नाही. जुन्या लुगड्याचा तुकडा, धोतराचा तुकडा, पोराच्या झबल्याचा तुकडा, सगळे नीट जोडले की ऊब तीच मिळते. शिक्षणाच्या पैशाचंही असंच आहे. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर फी नसलेलं विद्यापीठ, थोडी मदत, थोडं बिनव्याजी कर्ज, मुलीची स्वतःची बचत. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली जे. एन. टाटा एन्डोमेंट आजही परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. तिच्या अगदी पहिल्या दोन मानकऱ्यांत डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, कोल्हापूरच्या. दुसऱ्या होत्या डॉ. फ्रेनी कामा. म्हणजे सुरुवातच दोन बायकांपासून! महिंद्रांच्या के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती १९५६ पासून चालू आहे. आणि पुण्यातली लीला पूनावाला फाउंडेशन १९९० च्या दशकापासून मुलींच्या शिक्षणाला मदत करते आहे. या लीलाताई मेकॅनिकल इंजिनीअर, आपल्या दापोडीच्या अल्फा लावल कंपनीच्या प्रमुख होत्या.

मग एवढं सगळं असताना आपल्या पोरींपर्यंत का पोचत नाही? मार्क कमी पडतात म्हणून? माझा अनुभव असा की कागद आणि तारीख, या दोनच ठिकाणी गाडी अडते.

आमच्या पोरीचंच बघा. मार्कशीटवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. आधारवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे पटवण्यात दीड महिना गेला. मग विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट. मग सरांचं शिफारसपत्र. हे पत्र सरांनी थेट तिकडे पाठवायचं असतं. मुलगी चार वेळा कॉलेजात जाऊन आली. सर भले, पण कामात. शेवटी पत्र आलं ते चार ओळींचं. "ही मुलगी हुशार व आज्ञाधारक आहे." तेही मुदत संपल्यावर दोन दिवसांनी. पहिलं वर्ष तिथेच गेलं.

त्या दिवशी ती आमच्याकडे येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "काकू, आईला सांगू नका. ती म्हणेल, आता पुरे." मी आईला सांगितलंच. कारण आईला न कळता हे काम होत नाही, असं माझं मत आहे. ताई ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाल्या, "दहावीच्या वेळी याच सरांच्या तोडीचे सर घरी येऊन पेढे घेऊन गेले होते. पुढच्या वेळी मीच जाते पत्राला."

आणि खरंच गेल्या. पुढच्या वर्षी आषाढातच गेल्या. साडीला पिन लावून कॉलेजच्या केबिनबाहेर बाकावर बसल्या. मुलीने लॅबमध्ये काय काय काम केलं त्याचं टिपण सोबत नेलं होतं. या वेळी पत्र दोन पानांचं आलं, आणि वेळेत.

दुसरी अडचण होती अर्जातल्या निबंधाची. "मला का शिकायचं आहे" हे लिहायचं असतं. मुलीने लिहून आणलं ते गुळगुळीत इंग्रजी, लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे. माझं इंग्रजी बेताचं. पण मराठी साहित्य घेऊन बी.ए. केलंय, लिहिणं खरं की उसनं एवढं कळतं. मी तिला म्हटलं, "कागद ठेव बाजूला. तू लॅबमध्ये सकाळी गेल्यावर पहिल्यांदा काय करतेस ते मराठीत सांग." ती बोलायला लागली. बाटलीचं झाकण उघडल्यावर वासावरून निम्मं कळतं, असं म्हणाली. पवनेच्या पुलावरून घरी येताना पावसाळ्यानंतर पाण्याचा रंग कसा बदलत जातो ते तिने सांगितलं. कागदावर आकडे मर्यादेत असतात आणि नदी मात्र तशी दिसत नाही, हे तिला छळतं, असंही म्हणाली. मी म्हटलं, "हेच लिही." तिने तेच लिहिलं.

या खेपेला तिने पाच ठिकाणी अर्ज केले. तीन ठिकाणांहून नकार. एका ठिकाणी प्रवेश, पण पैसा नाही. पाचव्या ठिकाणी, जर्मनीत, प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्ही. गेल्या वर्षी ती गेली. आधी काही महिने तिथे भाषेचा वर्ग झाला, आता अभ्यासक्रम चालू आहे.

तिची ही गोष्ट यशाची म्हणून मी सांगत नाही. पाचवा नकारच आला असता तर? तरीही घर गहाण पडलं नसतं, आणि अर्ज करायला शिकलेली पोर हाताशी राहिली असती. सांगायचं आहे ते वेगळंच. ती निघाली त्याच्या आदल्या रात्री घरी नातेवाईक जमले होते. एका काकांनी विचारलं, "दोन वर्षांनी लग्नाचं काय?" एरवी अशा प्रश्नावर घरातल्या बायका आत निघून जातात. ताई तिथेच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तिच्यासाठी काही विकलेलं नाही. तिचं ती ठरवील."

मैत्रिणींनो, शिष्यवृत्तीचा खरा अर्थ मला त्या एका वाक्यात कळला. ज्या मुलीसाठी जमीन विकली जाते, तिच्या शिकण्यावर सगळ्या भावकीचा हक्क लागतो. काय शिकायचं, किती शिकायचं, कधी थांबायचं, लग्न कुणाशी करायचं. "तुझ्यासाठी एवढं केलं" हे वाक्य तिच्या डोक्यावर जन्मभर टांगलेलं राहतं. मुलग्यावरही राहतं, ताईंच्या थोरल्याला विचारा. स्वतःच्या गुणांवर मिळालेला पैसा मुलीला विद्यापीठात नेतोच, पण घरात बोलायची जागाही देतो. म्हणून परवडणाऱ्या घरांनीही आपल्या मुलींना अर्ज करायला लावावं, असं मी म्हणेन.

तक्रारीही आहेत, त्या लपवत नाही. सरकारी योजनांच्या जाहिराती वेगवेगळ्या खात्यांच्या, वेगवेगळ्या वेळी निघतात. मुदत थोडी, कागद फार. उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, सगळं एकाच महिन्यात कुठून आणायचं? नवऱ्याने टाकलेल्या बाईला तर मुलीच्या पडताळणीसाठी त्याच नवऱ्याच्या घरचे कागद मागावे लागतात. अशा दोन बायांबरोबर मी खेटे घातले आहेत. आणि हजारो मुलं शिकणाऱ्या राज्याला पंच्याहत्तर जागा म्हणजे किती? एवढ्या मोठ्या औद्योगिक पट्ट्यात अभ्यासिका आहेत, तिथे स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आहेत. त्यांच्या भिंतीवर परदेशी शिष्यवृत्त्यांच्या तारखांचा एक तक्ता लावायला किती खर्च येईल? कॉलेजांनी शिफारसपत्रांसाठी एक माणूस नेमावा, एवढंही मागणं फार नाही.

पण ते होईपर्यंत आपण थांबायचं का? मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला गेली की आईने एक फाइल करावी. पासपोर्ट, आधार, मार्कशीट यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावं. जातीचे, उत्पन्नाचे दाखले गरज पडण्याआधी काढावेत. पुढच्या सप्टेंबरला जायचं असेल तर या पावसाळ्यातच अर्जांना लागावं. गणपती उठल्यावर बघू म्हटलं की काही दारं बंद झालेली असतात. पाचांपैकी तीन नकार येणार हे धरून चालावं. आणि "शिष्यवृत्ती मिळवून देतो, आधी पन्नास हजार भरा" असं कुणी म्हटलं तर चहा पिऊन उठावं.

आमच्या गटाच्या कपाटात आता हिशेबाच्या वहीशेजारी अशा फायली आहेत. सध्या सात. वरच्या फाइलवर ताईंनी स्वतःच्या अक्षरात मुलीचं नाव लिहिलंय. तिचं काम झालं, तरी फाइल काढायची नाही म्हणतात. नवीन आलेल्या बाईला आधी तीच उघडून दाखवतात, नकाराच्या पत्रांसकट.